मिठाईचे कूपन आणि घरी गेलेले पत्र

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात एक छोटासा समारंभ वरचेवर होत असतो. त्याला मांडव लागत नाही, मंत्री लागत नाही. एखाद्या विभागाच्या मीटिंगच्या खोलीत लांब टेबलाभोवती विभागप्रमुख, दोनचार अधिकारी, कार्मिक विभागातले कुणीतरी आणि ड्यूटीवरून थोडा वेळ सुटू शकलेले सहकारी जमतात. ज्याचे काम उठून दिसले अशा कर्मचाऱ्याला ‘कर्म शिरोमणि’ आणि पाळी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला ‘पाली शिरोमणि’ हा पुरस्कार दिला जातो. टाळ्या होतात, फोटो होतो, चहा होतो आणि माणसे पुन्हा हेल्मेट चढवून शॉपकडे निघतात. पुरस्कार म्हणून हातात पडते एक प्रशस्तिपत्र, मिठाईचे एक कूपन आणि आणखी एक कागद. हा तिसरा कागद पुरस्कार मिळवणाऱ्याच्या नावाचा नसतो. ते त्याच्या जोडीदाराच्या नावाने लिहिलेले प्रशंसापत्र असते.

देशाला रेल्वेचे रूळ पुरवणारा हा कारखाना. १३० मीटर लांबीचा अखंड रूळ इथे लाटला जातो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा एकेक तुकडा रवाना होतो. ‘आयएनएस विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी लागलेल्या खास पोलादातही भिलाईचा वाटा आहे. इतक्या अवाढव्य कारखान्यात शाबासकी म्हणून मिठाईचे कूपन, हे ऐकून कुणालाही हसू येईल. पण कूपन बाजूला ठेवून त्या तिसऱ्या कागदाकडे पाहावे. सहकाऱ्याचे कौतुक कसे करावे यावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी ढीगभर पाने खर्च केली आहेत. त्यातल्या बऱ्याच पानांपेक्षा हा कागद मला जास्त शहाणा वाटतो.

कारण तीन पाळ्या. सकाळी ६ ते दुपारी २, २ ते रात्री १०, रात्री १० ते पुन्हा सकाळी ६. झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे पेटलेली राहते. दिवाळी आहे, मुलाची दहावी आहे, सासऱ्यांचे वर्षश्राद्ध आहे, म्हणून ती विझवता येत नाही. विझवली तर आतले लोखंड आणि मळी गोठून भट्टीच निकामी होण्याची भीती. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही कुणीतरी भट्टीपुढे उभा असतोच, आणि त्याच्या घरी त्याच्याशिवाय पणत्या लागतात. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी नऊला झोपतो तेव्हा क्वार्टरमधल्या पोरांना आवाज न करता खेळायला शिकवलेले असते, कुकरची शिट्टी सुद्धा वेळ बघून होते. पाळी बदलली की घराचे सगळे वेळापत्रक बदलते. हे वेळापत्रक सांभाळणाऱ्या बाईचे किंवा बाप्याचे नाव हजेरीपटावर कुठेच नसते. जोडीदाराच्या नावाचे पत्र त्या न दिसणाऱ्या पाळीची नोंद घेते. दोघेही कारखान्यात असतील तर कोण कुणाला पत्र दाखवते, ही गंमत वेगळीच.

भिलाईत या पत्राला आणखी एक अर्थ आहे. तो समजायला गाव कसे वसले ते पाहावे लागते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि भिलाई नव्या मध्य प्रदेशात राहिले. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग मात्र होता तिथेच होता. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी माणसे त्याच मार्गाने भिलाईला गेली आणि तिथलीच झाली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तोवर केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, बिहार आणि खुद्द छत्तीसगडच्या खेड्यांतून आलेली माणसे सेक्टरांमधल्या क्वार्टर्समध्ये शेजारी शेजारी राहायला लागली होती. ज्याच्याबरोबर शिफ्टमध्ये काम केले, त्याचीच बायको संध्याकाळी भाजीच्या दुकानात भेटणार, त्याचाच मुलगा आपल्या मुलीच्या वर्गात असणार, आणि दुखलेखुपले तर दोघांनाही सेक्टर ९ च्या त्याच इस्पितळाच्या रांगेत उभे राहायचे. अशा गावात साहेबाने सगळ्यांसमोर केलेला पाणउतारा रात्रीच्या जेवणाआधी कॉलनीत पोहोचलेला असतो. चांगला शब्द मात्र इतक्या वेगाने पोहोचत नाही, त्याला कागदाचा टेकू लागतो.

आता खरा अवघड प्रश्न. पोलादाच्या कारखान्यात चांगले काम नेमके कुणाचे?

झोतभट्टीत वरून लोहखनिज, सिंटर, कोक आणि चुनखडी पडते, खालून तापलेल्या हवेचा झोत आत जातो. वरून टाकलेला माल वितळत, झिरपत तळाशी यायला साधारण सहा ते आठ तास घेतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खी पाळी. पहिल्या पाळीने जे भरले त्याचे लोखंड दुसऱ्या पाळीच्या हातात येते. दुसऱ्या पाळीने भट्टीचे तोंड फोडले, चौदाशे-पंधराशे अंश सेल्सियसचा धातू खळाळत बाहेर आला, उत्पादनाचा विक्रम झाला आणि बोर्डावर आकडा चढला. पण तो आकडा ज्या मालावर उभा होता तो भरणारे तोवर घरी जाऊन आंघोळ करून जेवायला बसलेले असतात. त्यांच्याही आधी कोक ओव्हनवाल्यांनी कोक नीट भाजला होता, खाणीतून चांगले खनिज आले होते आणि मेंटेनन्सच्या कुणीतरी परवा रात्री एक बेअरिंग वेळेत बदलले होते म्हणून आज कन्व्हेयर थांबला नाही. शिरोमणि कुणाला म्हणायचे?

एकाच माणसाला वर काढले की काय होते, याचा सगळ्यात मोठा प्रयोग भिलाईला यंत्रे देणाऱ्या देशातच झाला होता. १९३५ सालच्या ३० ऑगस्टच्या रात्री दोनेत्स खोऱ्यातल्या एका कोळसा खाणीत अलेक्सेई स्टाखानोव हा खाणकामगार पाळीवर उतरला. सहा तासांच्या आत त्याने १०२ टन कोळसा काढला. ठरलेले प्रमाण होते ७ टनांचे, म्हणजे चौदा पटींहून जास्त. बघता बघता त्याचे नाव देशभर झाले, वर्षाअखेर तो अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरही झळकला. पण त्या रात्री तो एकटा नव्हता. एरवी प्रत्येक कामगार कोळसाही फोडायचा आणि छत कोसळू नये म्हणून लाकडाचे टेकूही स्वतःच लावायचा. त्या रात्री स्टाखानोवने फक्त फोडायचे आणि मागून टेकू लावायला दोन वेगळी माणसे, अशी वाटणी केली होती. ती होती गाव्रिला श्चिगोल्येव आणि तीखोन बोरिसेंको. बाजूला खाणीतला पक्षाचा संघटक दिवा धरून उभा होता आणि खाणीच्या वर्तमानपत्राचा संपादकही हजर होता. विक्रम खरे तर कामाच्या वाटणीचा होता. गाजला मात्र एका माणसाचा दंड.

पुढच्याच वर्षी अनेक उद्योगांत ठरलेले प्रमाण वाढवण्यात आले. एकाने करून दाखवले ना, मग सगळ्यांनी करा. स्टाखानोवच्या वाटेने विक्रम करणाऱ्यांवर त्यांचेच सोबती चिडले, काही ठिकाणी मारहाणीपर्यंत गोष्ट गेली. खुद्द स्टाखानोवचा उत्तरकाळ दारूच्या आधीन आणि बराचसा विस्मरणात गेला. १९७७ मध्ये तो वारला. वरून आलेल्या कौतुकाच्या मागे उद्याचा वाढीव हिशोब लपलेला आहे, असा संशय कामगाराला एकदा आला की पुढच्या प्रत्येक टाळीकडे तो त्याच नजरेने पाहतो. भिलाईतच काय, पुण्याच्या आयटी कंपनीतही हेच. ‘स्टार परफॉर्मर’चा ईमेल आला की टीममधले बाकीचे आधी आपले पुढचे टार्गेट तपासतात.

म्हणून मला वाटते, शिरोमणि निवडण्यापेक्षा त्याच्याबद्दल खोलीत काय बोलले जाते ते जास्त महत्त्वाचे. ‘यांनी निष्ठेने व समर्पणभावाने कार्य केले’ हे वाक्य कुणालाही चिकटवता येते, म्हणून ते कुणालाच चिकटत नाही. पण अमक्या रात्री पाण्याचा दाब पडत होता, याने पंपावर जाऊन व्हॉल्व्ह पाहिला, त्याच्याबरोबर तमके दोघे होते आणि मागच्या पाळीने लॉगबुकात आधीच इशारा लिहून ठेवला होता म्हणून हे वेळेत कळले, असे बोलले तर पुरस्कार एकाला मिळूनही खोलीतली पाचसहा माणसे ताठ बसतात. असे बोलायला बोलणाऱ्याला ती रात्र माहीत असावी लागते. इथेच बरेच साहेब अडतात. काम ठाऊक नसेल तर कौतुक करताना विशेषणांचाच आधार उरतो.

भिलाईत पहिली झोतभट्टी सुरू झाली त्याच वर्षी, १९५९ मध्ये, अमेरिकेच्या पोलादनगरीतल्या, म्हणजे पिट्सबर्गमधल्या, अभ्यासावर एक पुस्तक बाहेर पडले. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनियर आणि हिशेबनिसांना विचारले होते की नोकरीत तुम्हाला फार बरे कधी वाटले आणि फार वाईट कधी वाटले. उत्तरे दोन वेगळ्या वाटांनी गेली. पगार, वरिष्ठांचे वागणे, कंपनीचे नियम, कामाची जागा, या गोष्टी वाईट असल्या तर माणूस कुढतो, पण त्या चांगल्या झाल्या म्हणून तो हुरळत नाही. हुरूप येतो तो काम तडीस गेल्याने आणि त्या कामाची कुणीतरी कदर केल्याने. या दोन गोष्टी यादीत सगळ्यात वर होत्या.

हर्झबर्गचे एवढेच सांगून लोक थांबतात. त्याने पुढे आणखी एक गोष्ट नोंदवली होती, ती कार्मिक विभागांना फारशी सोयीची नाही. कौतुकाने आलेला आनंद वारंवार भेटतो, पण टिकतो थोडा. कामातली गोडी, अंगावर दिलेली जबाबदारी आणि बढती यांचा परिणाम जास्त काळ राहतो. म्हणजे पाठ थोपटून झाली की त्या माणसाच्या हाती थोडे जास्त काम, थोडा जास्त निर्णय सोपवावा लागतो, नाहीतर मिठाई पचते आणि विषय संपतो.

तरीही ती पाठ थोपटायला आपण इतके का कचरतो? मराठी घरांत तर तोंडावर स्तुती केली की पोर शेफारते, ही समजूत पक्की. ऑफिसात तिचे रूप होते, ‘पगार घेतो ना, मग त्यात कौतुक कसले.’ अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्यांनी आपल्यावर उपकार केलेल्या कुणाला तरी आभाराचे पत्र लिहायला सांगितले आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांनाही विचारले. लिहिणाऱ्यांना वाटले होते, समोरच्याला अवघडल्यासारखे होईल, आणि आपले म्हणणे काही त्याला नवे नसणार. प्रत्यक्षात अवघडलेपण अंदाजापेक्षा कमी निघाले, आश्चर्य आणि आनंद जास्त. लिहिणारे आपले शब्द बरोबर जमतील का या काळजीत होते, वाचणारे शब्दांकडे नव्हे तर मायेकडे पाहत होते.

शॉपफ्लोअरवर हे फार कमी शब्दांत भागते. वीस वर्षे भट्टीपुढे काढलेला फोरमन एखाद्या नव्या पोराला जाता जाता ‘सही पकड़ा रे’ म्हणतो आणि पुढे जातो. त्या पोराला तेवढ्यावर महिनाभर पुरते, कारण हा माणूस उगाच बोलत नाही हे त्याला माहीत असते, आणि त्याने काय पकडले हेही दोघांनाच माहीत असते. बरोबरीच्या आणि वडीलधाऱ्या कारागिराने दिलेली ही पावती कुठल्याही सनदेपेक्षा कठीण परीक्षेतून आलेली असते. सनद देणाऱ्याला भट्टी चालवता येतेच असे नाही.

सनदांची आपल्याकडे वाण नाही. केंद्र सरकारचे पंतप्रधान श्रम पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाले: श्रमरत्न, श्रमभूषण, श्रमवीर किंवा श्रमवीरांगना, श्रमश्री किंवा श्रमदेवी. दोन लाखांपासून चाळीस हजारांपर्यंत रक्कम आणि सनद. भिलाईच्या कामगारांनी हे पुरस्कार अनेकदा घरी आणले आहेत. संपूर्ण कारखान्यासाठी पंतप्रधान चषक होता, उत्कृष्ट एकात्मिक पोलाद कारखान्याचा, तो भिलाईने ११ वेळा जिंकला. गावात त्याचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार. १९६५ मध्ये सुरू झालेला हा पुरस्कार आधी ‘श्रमवीर’ नावाने दिला जाई आणि त्याचे कामकाज मुंबईतल्या शीवच्या कार्यालयातून पाहिले जाई. तो मिळतो कामगाराने केलेल्या आणि कारखान्याने अमलात आणलेल्या सूचनेसाठी. उत्पादन वाढले, अपघात टळला, परकी सुटा भाग आणायची गरज उरली नाही, असे काही ज्या सूचनेने झाले तिच्यासाठी. इथे माणसाच्या घामाबरोबर त्याच्या डोक्याचीही दखल घेतली जाते.

भारतात क्वालिटी सर्कल रुजली तीही याच जोरावर. जपानमध्ये गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने १९६२ मध्ये सुरू झालेली ही पद्धत १९८० मध्ये हैदराबादच्या ‘भेल’ कारखान्यात आली आणि तिथून पोलाद कारखान्यांत पसरली. आठदहा माणसांनी आठवड्यातून तासभर बसायचे, आपल्याच कामातली एक अडचण धरायची, आकडे जमवायचे, उपाय काढायचा आणि शेवटी साहेबांपुढे उभे राहून तो मांडायचा. स्वतःच्या मशीनविषयी बोलताना चाचरणारा ऑपरेटर आलेख दाखवत वीस मिनिटे बोलतो, महाव्यवस्थापक प्रश्न विचारतो आणि ऑपरेटर त्याला दुरुस्त करतो. हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. अर्थात सर्कल्सचेही कर्मकांड झालेले आहे. स्पर्धेसाठी रंगीत फायली तयार होतात, अडचण तशीच राहते. पण ज्या वर्षी सूचना खरोखर अमलात येते त्या वर्षी वेगळ्या सत्काराची गरज पडत नाही.

इथवर सगळे ठीक आहे. पण भिलाईची गोष्ट सांगताना कौतुकाच्या आड दडलेल्या पैशाकडे पाहावेच लागते, आणि ती वाट मुंबईवरून जाते.

पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना रग्गड नफा झाला. महागाईने कामगार पिचले होते. १९१७ मध्ये मालकांनी पगारावर दहा टक्के ‘युद्ध बोनस’ दिला, पुढे तो वाढवला. मालकांच्या लेखी ही खुशीची भेट होती. वर्षामागून वर्ष ती मिळत गेली तशी कामगारांनी ती आपल्या कमाईत धरली. १९२३ मध्ये नफा घटल्याचे कारण देऊन बोनस बंद झाला आणि १९२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या संपाने ठप्प झाल्या. मुंबईचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. तो हक्क लिहिला जायला १९६५ चा बोनस कायदा यावा लागला. आज ८.३३ टक्के हा किमान दर आहे. तेवढ्याबद्दल कुणी मालकाचे आभार मानत नाही आणि मानायचे कारणही नाही.

बोनसचीच ही गोष्ट पुढे भिलाईपाशी येते. भिलाईच्या भट्ट्यांना खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा खाणी कारखान्याच्या दक्षिणेला, आजच्या बालोद जिल्ह्यात आहेत. १९७७ मध्ये तिथे ठेकेदारांकडे काम करणाऱ्या हजारो खाणमजुरांच्या लक्षात आले की त्याच डोंगरात तेच खनिज फोडणाऱ्या कायम कामगारांना जो बोनस मिळतो त्याच्या काही अंशानेच आपली बोळवण होते आहे. ते प्रस्थापित संघटना सोडून बाहेर पडले, त्यांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ काढला आणि आणीबाणीतल्या तुरुंगवासातून सुटलेल्या शंकर गुहा नियोगींना नेतृत्वासाठी बोलावले. नियोगी कधीकाळी भिलाईच्या कोक ओव्हनमध्येच कामगार होते. मागण्यांमध्ये पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारायला शंभर रुपये ही एक मागणी होती. २ आणि ३ जूनला पोलिसांनी गोळीबार केला, ११ जण मेले.

सहा वर्षांनी, ३ जून १९८३ रोजी, त्याच मजुरांनी दल्ली-राजहऱ्यात एक इस्पितळ उघडले. वर्गणी त्यांची, अंगमेहनत त्यांची. शैबाल जाना, आशिष कुंडू, विनायक सेन यांच्यासारखे डॉक्टर त्यांच्यात येऊन राहिले होते. मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीने त्याचे नाव ठेवले शहीद अस्पताल. सहकाऱ्यांची कदर करण्याचा विषय निघाला की लोक भेटवस्तूंच्या याद्या काढतात. मजुरांनी मजुरांसाठी केलेल्या या कामाइतके मोठे दुसरे उदाहरण निदान या प्रदेशात तरी मला दिसत नाही. आजही तिथे रुग्ण येतात. नियोगींची १९९१ च्या २८ सप्टेंबरला भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली.

कायम आणि ठेक्यावरचा, हा भेद त्यानंतर मिटला नाही, उलट सगळ्या देशात वाढला. भिलाईतही निवृत्त होणाऱ्यांच्या जागा पूर्वीसारख्या भरल्या जात नाहीत आणि बरीचशी अंगमेहनतीची, धुळीची, उंचीवरची कामे ठेकेदारांच्या माणसांकडे आहेत. महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणाऱ्या कायम कामगाराला हार, शाल, सपत्नीक फोटो आणि ढोलताशाने घरापर्यंत मिरवणूक मिळते. त्याच शॉपमध्ये पंधरा वर्षे वेल्डिंग केलेल्या ठेका कामगाराचा शेवटचा दिवस म्हणजे त्याच्या गेटपासची मुदत संपते तो दिवस. त्याच्याकडून काम शिकलेले लोक त्याला नावाने ओळखतात, कार्यालय ओळखतेच असे नाही.

आणि धोका त्यालाच जास्त, पण सुटका कुणालाच नाही. १२ जून २०१४ च्या संध्याकाळी भिलाईत पंप हाऊसमध्ये पाण्याचा दाब कोसळला आणि झोतभट्टीचा वायू उलटा तिथे शिरला. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. सहा जण मेले, त्यात दोन उपमहाव्यवस्थापक होते. वायूने हुद्दा पाहिला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर दुरुस्तीचे काम चालू असताना स्फोट झाला आणि त्याहून जास्त माणसे गेली. पोलाद कारखान्यात सगळ्यात अवघड कौतुक असते ते न घडलेल्या गोष्टीचे. उत्पादनाचा विक्रम बोर्डावर लिहिता येतो. डिटेक्टर वाजला म्हणून ज्याने काम थांबवले, दोन तासांचे उत्पादन बुडवले आणि पुढे काहीच झाले नाही, त्याच्याकडे दाखवायला फक्त बुडालेले दोन तास असतात. टोयोटाच्या कारखान्यात दोरी ओढून असेंब्ली लाइन थांबवणाऱ्याचे प्रमुखाने आधी आभार मानायचे, अडचण मग विचारायची, असा रिवाज आहे तो याचसाठी. ‘इतके दिवस अपघात नाही’ म्हणून बक्षीस वाटण्याची पद्धत मात्र उलटी फिरू शकते. जखम झाली तर सगळ्या गटाचे बक्षीस जाणार, मग बोट चिरलेला माणूस रुमाल गुंडाळून गप्प बसतो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने २०१६ मध्ये अशा बक्षिसांबाबत नियमच केला, नोंद दडपायला लावणारे बक्षीस चालणार नाही म्हणून.

आता काम थांबवणारा तो माणूस ठेकेदाराचा असेल तर? त्याला थांबवण्याचा अधिकार कागदावर आहे. पण उद्या ठेकेदाराने त्याला आणलेच नाही तर विचारणार कोण? इथे मिठाईचे कूपन फारसे उपयोगाचे नाही. त्याला हवा आहे तो कारखान्याच्या विभागाच्या लेटरहेडवरचा, इंजिनियरच्या सहीचा कागद. या वेल्डरने अमक्या जाडीच्या पाइपवर अमक्या स्थितीत काम केले आहे, अमक्या तारखेला वायूची गळती याने ओळखून कळवली, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. ठेकेदार बदलला, गाव बदलले, ओडिशात किंवा चंद्रपूरकडे नव्या साइटवर जायची वेळ आली, तर तो कागद पुढच्या गेटवर दाखवता येतो आणि हेल्परच्या दराऐवजी कुशल कामगाराचा दर मागता येतो. असा कागद लिहायला इंजिनियरला दहा मिनिटे लागतात, आणि एक प्रत त्याच्या घरच्या पत्त्यावर पाठवायची म्हटली तर तो पत्ता गेटपासच्या अर्जावर लिहिलेला असतोच.